फी किती, बातमी किती

केमिकल इंजिनिअरिंग शिकायचं असेल तर जालन्याच्या मुलाला आता गाव सोडावं लागत नाही. माटुंग्याच्या नामांकित रसायन तंत्रज्ञान संस्थेचं, म्हणजे आयसीटीचं, मराठवाडा संकुल २०१८ पासून जालन्यातच आहे. बियाण्यांचा धंदा शिकायचा तर बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली काढलेल्या महिकोपासून त्याची परंपरा इथली. बारवाल्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तोही याच गावात बसून केलेल्या कामासाठी. सळई कशी तयार होते ते औद्योगिक वसाहतीत चालत जाऊन बघता येतं. पत्रकारिता शिकायची म्हटली की मात्र बहुतेकांना बॅग भरावी लागते. आणि बॅग भरण्याआधी घरात पहिला प्रश्न येतो, ‘फी किती?’ वडील विचारतात, मामा विचारतो, शेजारचे गुरुजीही विचारतात.

प्रश्न वाजवी आहे. सोयाबीनचा पैसा हातात आल्यावर त्यातून खत-बियाण्याची उधारी, लग्नकार्य आणि पोरांचं शिक्षण एकाच वेळी बघणाऱ्या घराने तो विचारायलाच हवा. फक्त त्याचं खरं उत्तर माहितीपत्रकात छापलेल्या आकड्यात सापडत नाही.

त्याआधी हा जिल्हा बातमीच्या नजरेने पाहू. १ मे १९८१ला औरंगाबाद आणि परभणीतून निघालेला, आठ तालुक्यांचा जिल्हा. २०१२-१३च्या दुष्काळात राज्याचं लक्ष जालन्याकडे होतं. याच जिल्ह्यातल्या कडवंचीने पाणलोटाची कामं आणि शेततळी यांच्या जोरावर द्राक्षबागा उभ्या केल्या, आणि त्या पाहायला लोक लांबून येतात. मोसंबी आहे, रेशीम कोषांची बाजारपेठ आहे, दिवाळीनंतर कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या गाड्या आहेत, भट्ट्यांवर काम करणारे परप्रांतीय कामगार आहेत. १ सप्टेंबर २०२३ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, आणि अंबड तालुक्यातल्या त्या गावात दिल्ली-मुंबईच्या वाहिन्यांच्या गाड्या रांगेने उभ्या राहिल्या. गाड्या आल्या आणि गेल्या. गावातली नाती, जमिनीचे तुकडे, जातीचे दाखले, तलाठ्याच्या दप्तरातल्या नोंदी हे सगळं समजून घेऊन पुढची दोन वर्षं लिहीत राहायला जी माणसं लागतात, ती इथलीच असावी लागतात. पत्रकारितेचा कुठला अभ्यासक्रम चांगला, हे ठरवताना माझी फूटपट्टी हीच आहे. तिथून शिकून बाहेर पडलेल्या मुलीला पीकविम्याची यादी वाचता येते का? जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प उघडून प्रश्न विचारता येतो का?

आता वाटा बघू. सर्वांत जवळची वाट छत्रपती संभाजीनगरची, साधारण ६० किलोमीटरची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झालं. तिथे वृत्तपत्रविद्येचा स्वतंत्र विभाग आहे, आणि मराठवाड्यातल्या दैनिकांच्या कचेऱ्यांत या विभागातून गेलेली माणसं जागोजागी भेटतात. त्याच शहरात एमजीएमचं पत्रकारिता महाविद्यालय आहे. ते आता खासगी विद्यापीठाचा भाग आहे. परतूर-मंठ्याच्या मुलांना नांदेडही परकं नाही. स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात माध्यमशास्त्राचं वेगळं संकुल आहे. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर ‘रानडे’ आहे. त्याचं अधिकृत नाव संज्ञापन आणि वृत्तपत्रविद्या विभाग, पण ते नाव फक्त गुणपत्रिकेवर असतं. १९६४ साली सुरू झालेला हा विभाग नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात अरुण साधू चालवत होते. ‘सिंहासन’ लिहिणारा माणूस वर्गात बातमी शिकवतो, हे भाग्य त्या मुलांना सरकारी फीमध्ये मिळालं. २०२१ साली हा विभाग विद्यापीठाच्या मुख्य आवारात हलवून दुसऱ्या विभागात विलीन करायची टूम निघाली, तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी इतका गदारोळ केला की निर्णयाला स्थगिती द्यावी लागली. एखाद्या विभागाचे जुने विद्यार्थी त्याच्यासाठी रस्त्यावर उतरतात का, हीसुद्धा एक परीक्षाच आहे. कुठल्याही मानांकनाच्या यादीत ती सापडायची नाही.

अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं, म्हणजे आयआयएमसीचं केंद्र २०११ साली आलं आणि तिथे मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविकाही सुरू झाली. वर्ध्याला १९९७ साली स्थापन झालेलं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. तिथे जनसंचार शिकवतात, माध्यम हिंदी. जालन्यात उर्दू शाळांतून शिकलेली पोरंही कमी नाहीत. त्यांना आमचे करिअर मार्गदर्शक हमखास विसरतात. हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठात पत्रकारिता उर्दूतून शिकता येते, आणि जालन्याहून संध्याकाळी-रात्री गाडीत बसलं की सकाळी सिकंदराबाद. निजामाच्या काळात मनमाडपर्यंत टाकलेला तो लोहमार्ग आजही आपल्या उपयोगी पडतो.

यातल्या बहुतेक सरकारी वाटांची शिक्षण फी हजारांत आहे. पुण्या-मुंबईच्या खासगी आणि अभिमत विद्यापीठांची लाखांत, काही ठिकाणी बऱ्याच लाखांत. पण ‘सरकारी म्हणजे स्वस्त’ हे डोळे मिटून मानू नये. आयआयएमसी केंद्र सरकारची, तरी २०१९-२०मध्ये तिथल्या रेडिओ-टीव्ही पत्रकारितेच्या वर्षभराच्या पदविकेची फी १ लाख ६८ हजार ५०० रुपये होती, आणि त्या डिसेंबरात दिल्लीतल्या विद्यार्थ्यांनी फीवाढीविरोधात धरणं धरलं. त्याच संस्थेत त्याच वर्षी उर्दू पत्रकारितेची फी ५५ हजार ५०० होती. एकाच छपराखाली तिपटीचा फरक. म्हणून संस्थेची फी विचारून भागत नाही, अभ्यासक्रमाची विचारावी लागते, आणि तीही यंदाची.

खरा खर्च मात्र वेगळाच. पुण्यात कॉट बेसिसवर जागा, दोन वेळची मेस, सकाळचा चहा-पोहे, मोबाइलचं रिचार्ज, बसचा पास. महिन्याला आठ हजार धरा. काटकसरी मुलाचा हिशेब आहे हा. वर्षाचे झाले ९६ हजार आणि दोन वर्षांचे १ लाख ९२ हजार. फी वीस हजार असो की तीस, या आकड्यापुढे तिचं काय? उलट संभाजीनगरला घरून ये-जा करता येते. सकाळची मराठवाडा एक्सप्रेस परतूर, जालना, बदनापूर करत जाते आणि तिच्यातून वर्षानुवर्षं नोकरदार, वकील आणि विद्यार्थी ये-जा करत आले आहेत. एसटीच्या विद्यार्थी मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. मार्च २०२३पासून महिलांना कुठल्याही एसटीत अर्धं तिकीट आहे. भोकरदन किंवा घनसावंगीच्या आतल्या गावातून रोज जाणं अवघडच, तिथे वसतिगृह बघावं लागेल. पण जालना, बदनापूर, परतूरच्या मुलीला घरी राहून विद्यापीठाच्या विभागात शिकता येतं. दोन वर्षं घरी राहून वाचलेल्या पैशात लॅपटॉप येतो, बरा मायक्रोफोन येतो आणि इंग्रजी पुस्तकं येतात.

फीसवलतींबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण इथे घोटाळा होतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती. यातल्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात. शिवाय ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. ‘मुलींना शिक्षण मोफत’ एवढंच गावात पोचलं. ही माफी व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, प्रवेश शासनाच्या प्रवेश प्रक्रियेतून झालेला लागतो, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं तिच्यातून वगळलेली आहेत, हे पोचलं नाही. म्हणून महाविद्यालयाच्या खिडकीवर ‘स्कॉलरशिप मिळेल ना?’ असं मोघम विचारू नये. ‘हा अभ्यासक्रम, या महाविद्यालयात, महाडीबीटीच्या यादीत आहे का, आणि गेल्या वर्षी किती मुलांना प्रत्यक्ष पैसे मिळाले?’ असं विचारावं. खिडकीमागचा कारकून चष्मा वर करून बघेल. बघू द्यावं.

दर्जाचं काय? एनआयआरएफची मानांकनं निघतात, त्यांत अभियांत्रिकी आहे, व्यवस्थापन, औषधनिर्माण, कायदा, वास्तुरचना आहे. पत्रकारितेचा वेगळा वर्ग नाही. इंग्रजी साप्ताहिकांच्या ‘टॉप टेन’ याद्या असतात, पण त्याच अंकात त्याच संस्थांच्या पानभर जाहिराती असतात. पत्रकारिता शिकायला निघालेल्याने निदान एवढी शंका घ्यावी. मुळात आपल्याकडे पत्रकार व्हायला कायद्याने कुठलीच पदवी लागत नाही. २०१३ साली प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी किमान पात्रता ठरवण्यासाठी समिती नेमली होती. पुष्कळ चर्चा झाली आणि गोष्ट तिथेच राहिली. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते, पत्रकाराला मोटारसायकलवर ‘प्रेस’ लिहिलेलं स्टिकर पुरतं. जालन्यात अशा मोटारसायकलींची वानवा नाही.

मग या पदवीचा उपयोग काय, याचं उत्तर मला अमेरिकेतल्या मिसुरीत सापडतं. तिथल्या विद्यापीठात १९०८ साली पत्रकारितेची शाळा उघडली. वर्ग सुरू झाले त्याच दिवशी, १४ सप्टेंबरला, शाळेने स्वतःचं दैनिकही काढलं. विद्यार्थी त्याचे बातमीदार आणि प्राध्यापक संपादक. वर्गात नियम सांगायचा आणि दुपारी त्याच नियमाने गावातल्या सभेची बातमी आणायची. नाव चुकलं तर दुसऱ्या दिवशी त्या नावाचा माणूस दारात. शतक उलटलं, पण पत्रकारिता शिकवायची याहून चांगली रीत मला तरी माहीत नाही. आपल्याकडे, आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत, नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२च्या सुमारास रोलंड वूल्सली या अमेरिकन प्राध्यापकाने हा विषय सुरू करून दिला. अमेरिकेतून विषय आला, पाठ्यपुस्तकं आली. रोजचं वर्तमानपत्र मात्र आलं नाही.

त्याच्या जागी आपल्या विभागांत ‘लॅब जर्नल’ नावाचा प्रकार आहे. विद्यार्थ्यांनी काढलेला अंक. कुठल्याही विभागात प्रवेश घेण्याआधी या अंकाच्या मागच्या तीन प्रती मागाव्यात. प्रती मिळाल्याच नाहीत तर निम्मं उत्तर मिळालं. मिळाल्या तर तारखा बघाव्यात. दर महिन्याला निघतो, की नॅकची समिती यायच्या आधी घाईने दोन अंक निघतात? मग बातम्या वाचाव्यात. पहिल्या पानावर कुलगुरूंच्या हस्ते दीपप्रज्वलन असेल, आत विभागप्रमुखांचा सत्कार असेल आणि शेवटच्या पानावर ‘माध्यमांची बदलती भूमिका’ या विषयावरचा निबंध असेल, तर तो विभाग पत्रकार घडवत नाही, जनसंपर्क अधिकारी घडवतो. वसतिगृहाच्या पाण्याची, परीक्षेच्या लांबलेल्या निकालाची, विद्यापीठासमोरच्या चहाच्या टपऱ्या उठवल्याची बातमी त्यात असेल, तर समजावं की इथे कोणीतरी मुलांना मोकळं सोडतं. आता अंकाच्या जागी यूट्यूब चॅनेल किंवा पॉडकास्ट असेल, तरी कसोटी तीच.

विभाग बघायला जायचं ते कामाच्या दिवशी, सकाळी अकरा-साडेअकराला, न कळवता. स्टुडिओ बहुतेक ठिकाणी असतो. प्रश्न एवढाच की त्याची किल्ली कोणाकडे असते. किल्ली मुलांकडे असेल तर उत्तम, शिपायाकडे असेल तरी चालेल, ‘सर रजेवर आहेत, त्यांच्याकडे आहे’ असं उत्तर आलं तर त्या स्टुडिओचे फोटो माहितीपत्रकातच बघून घ्यावेत. ग्रंथालयात आजची किती दैनिकं आली आहेत आणि ती कोणी उघडली आहेत का, तेही बघावं. कायम प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, हेही विचारावं. राज्यातल्या विद्यापीठांत वर्षानुवर्षं जागा भरलेल्या नाहीत, आणि तासाच्या मोबदल्यावर चार ठिकाणी धावणाऱ्या माणसाकडून मुलांच्या बातम्या रात्री बसून तपासण्याची अपेक्षा करणं त्याच्यावरही अन्याय आहे. तरीही सांगतो, चांगल्या दैनिकातला उपसंपादक आठवड्यातून दोनदा येऊन तासिका तत्त्वावर शिकवत असेल, तर तो एकटाच कधी कधी फी वसूल करून देतो.

बारावीनंतर लगेच पत्रकारितेची तीन वर्षांची पदवी घ्यावी का? मुंबई विद्यापीठाचा बीएमएम, २०१९-२० पासूनचा बीएएमएमसी, लोकप्रिय झाल्यापासून हे लोण सगळीकडे पसरलं. माझं मत सरळ विरुद्ध आहे. बारावीनंतर जालन्यात-अंबडमध्ये जे महाविद्यालय जवळ असेल तिथे अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, विज्ञान, जमलं तर कृषी किंवा कायदा शिकावा, आणि मग पदवीनंतर सरकारी विभागात पत्रकारितेची एक-दोन वर्षं. बातमी लिहायची रीत वर्षभरात येते. हमीभाव कसा ठरतो, मोसंबीची फळगळ कशाने होते, जामीन आणि निर्दोष सुटका यांत फरक काय, हे वर्षभरात येत नाही. कृषी पदवीधर पोराला बातमी शिकवणं सोपं. नुसती बातमी शिकलेल्या पोराला शेतीतलं कळेपर्यंत दोन हंगाम जातात आणि दोन चुकीच्या बातम्या. घरून शिकताना खर्चही निम्म्यावर येतो, तो वेगळाच.

नोकरीत असलेल्यांसाठी आणि घर सोडता न येणाऱ्यांसाठी १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. पदवीचा कागद तिथे कमी पैशात मिळतो आणि तो कागद खरा असतो. पण बातमी स्वतःच शिकावी लागते, आणि त्यासाठी एखाद्या दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात रोज संध्याकाळी जाऊन बसायची तयारी हवी. ‘सहा महिन्यांत अँकर व्हा’ असं सांगणाऱ्या संस्थांबद्दल मी जास्त लिहीत नाही. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करते, ती बघावी, आणि पुढे जावं.

कागदाची किंमत अगदीच शून्य नाही. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातल्या जिल्हा माहिती अधिकाऱ्यासारख्या पदांना पदवीबरोबर पत्रकारितेची पदवी किंवा पदविका मागतात आणि ती भरती लोकसेवा आयोगाकडून होते. स्पर्धा परीक्षेच्या नादात पुण्यात बसलेल्या हजारो मराठवाडी मुलांना ही वाट ठाऊक नसते. प्राध्यापक व्हायचं असेल तर नेट-सेटसाठी पदव्युत्तर पदवीच लागते, पदविका चालत नाही. चेन्नईच्या एशियन कॉलेज ऑफ जर्नलिझमचं नाव मोठं आहे, शिक्षणही कसदार, पण फी लाखांत आणि हातात येते ती पदविका. हा फरक आधी माहीत असलेला बरा.

मराठवाड्यातली पत्रकारिता तशी वर्गाबाहेरच वाढली. १९३७ साली आ. कृ. वाघमाऱ्यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलं. निजाम सरकारने बंदी घातली की ते नवं नाव घेऊन पुन्हा निघायचं. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखाली ते दैनिक म्हणून वाढलं आणि त्याचं औरंगाबादचं कार्यालय हीच दोन पिढ्यांची शाळा झाली. फी नव्हती, पगारही बेताचाच, पण कॉपी लाल शाईने भरून परत यायची. तसं कार्यालय आता मिळणं कठीण. जिल्हा कार्यालयांत माणसं कमी झाली, पानं संभाजीनगरला लागतात, आणि नव्या पोराची कॉपी तपासायला कोणाला वेळ नाही. म्हणूनच विभागांची गरज वाढली आहे. लाल शाईचं काम आता त्यांच्याकडे आलं आहे. पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या ‘पारी’सारख्या ठिकाणी अजून ते काम होतं. ग्रामीण भारतावरचे लेख तिथे मराठीतूनही येतात, आणि विद्यार्थ्यांनाही लिहायची संधी असते. मंठ्याच्या एखाद्या तांड्यावरून कोयत्यावर निघालेल्या कुटुंबाबद्दल नीट लिहिलेला एक लेख, हा माझ्या मते कुठल्याही गुणपत्रिकेहून वजनदार अर्ज आहे.

वेळापत्रकाचं एक सांगायलाच हवं. केंद्रीय विद्यापीठांची पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा, सीयूईटी-पीजी, अलीकडे मार्चच्या आसपास होते आणि तिचे अर्ज डिसेंबर-जानेवारीतच सुटतात. आपल्याकडे मुलं जूनमध्ये जागी होतात. दिवाळीचा फराळ संपला की लगेच पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी तारखा बघायला लागावं.

आणि शिकून परत आल्यावर पोट कसं भरायचं? तालुक्याचा वार्ताहर बहुतेक ठिकाणी पगारी नसतो. मानधन, तेही बेताचं, आणि जाहिरातींवर कमिशन. श्रमिक पत्रकारांचा कायदा १९५५ साली झाला, मजिठिया वेतन आयोगाच्या शिफारशी २०११ साली अधिसूचित झाल्या, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या, पण परतूर-भोकरदनच्या वार्ताहरापर्यंत त्यातलं फारसं काही उतरलं नाही, कारण कागदावर तो कर्मचारीच नसतो. वर्धापनदिनाची पुरवणी आली की त्याला टार्गेट येतं. ज्या ठेकेदाराच्या रस्त्याची बातमी करायची, त्याच्याकडूनच शुभेच्छांची पाव पान जाहिरात आणायची. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस तालुक्यातले कित्येक बातमीदार बातमी सोडून हेच करत असतात. तुमच्या हातातल्या या अंकाच्या जाहिरातीही कोणीतरी अशाच फिरून गोळा केल्या असतील. त्या ठेकेदारासमोर जाहिरातीची पावती पुढे करताना रस्त्याच्या बातमीचं काय करायचं, यावर विभागात वर्षभरात एक तरी तासिका होते का, हेही प्रवेशाआधी विचारून घ्यावं.